शाळेतली झोळी

मी कशी आई आहे, याचा निकाल आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी नळाला पाणी आलं की लागायचा. आदिलाबादला आम्ही भाड्यानं राहत होतो त्या गल्लीत सगळ्यांना मिळून एकच नळ होता. त्याच्यापुढे घागरी आणि बादल्यांची रांग लागायची, आणि रांगेतल्या बायका उभ्या उभ्या एकमेकींच्या लेकरांचं माप काढायच्या. कोणाचं रांगायला लागलं, कोणाला दात आले, कोणाचं बाळसं उतरलं, कोण अजून अंगावर पाजते, कोणी डब्याचं दूध सुरू केलं. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही भाषांत माप निघायचं आणि तिन्ही भाषांत मी नापास व्हायचे.

समोरच्या घरात बँकेतल्या एका कारकुनाची बायको राहायची. ती तेलुगू बोलणारी, माझ्याशी हिंदीत बोलायची आणि मला टीचरम्मा म्हणायची. तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. तो वेळेवर पालथा पडला, वेळेवर बसला, वेळेवर भिंत धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावरची काजळाची तीट कधी फिसकटलेली मी पाहिली नाही. बाई मनानं चांगली होती. माझ्या पोरीला सर्दी झाली तर न सांगता सुंठ उगाळून आणून द्यायची. पण नळावर आली की तिला राहवायचं नाही. तुमची मुलगी अजून बसत नाही का, असं ती विचारायची आणि रांगेतल्या सगळ्या घागरीसुद्धा माझ्याकडे वळून बघतायत असं मला वाटायचं.

पोरगी बसत नव्हती हे खरं. तिला बसायची घाई नव्हती. मला काहीच वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. घरी येऊन दार लावायचे आणि तिला दोन उशांच्या मध्ये बसवून बघायचे. ती एका बाजूला कलंडायची आणि हसायची. मग मला तिचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचा यायचा.

हे तेलंगण वेगळं व्हायच्या आधीचं, आंध्र प्रदेशच्या दिवसांतलं. मी इचोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकवत होते. नवरा सरकारी दफ्तरात कारकून. आम्हा दोघांचीही घरं बौद्ध वस्तीतली, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्यांची. आमच्या मायबापांनी निंदण केलं, कापूस वेचला आणि आम्हाला शाळेत घातलं. आमच्यासारखे बरेच निघाले. मास्तर झाले, कारकून झाले, नर्स झाल्या. आणि नोकरीवाल्या बायकांची एक रीत पडून गेली. रजा संपली की लेकरू गावी सासूकडे ठेवायचं आणि शाळेच्या वयाचं झालं की परत आणायचं.

रीत वाईट होती असं मी म्हणत नाही. सासवा मायेनं वाढवायच्या. माझ्याच शाळेतल्या एका बाईंनी मुलगा असाच ठेवला होता. तो परत आला तेव्हा आजीला माय म्हणायचा आणि आईला बाई. शाळेतली पोरं हाक मारतात ना, "ओ बाई", तसं. त्या हे हसत हसत सांगायच्या. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता आणि मुलगा पुढे गुणाचा निघाला. मी त्यांच्याशी बरोबरी करत नाही. फक्त एवढंच, की त्या हसायच्या तेव्हा मला हसू यायचं नाही.

माझी बाळंतपणाची रजा संपली, तिला जोडून घेतलेली अर्ध्या पगाराची संपली, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या म्हणून निभावलं. शाळा उघडायची वेळ जवळ आली. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूचे, गावाहून पोरीला पाठव म्हणून निरोपावर निरोप. त्यांनी सुताराकडून सागवानी पाळणा करवून घेतला होता. वर लाकडी पोपट, खाली चाकं. आमच्या दोन्ही घरांत आजवर एकही लेकरू पाळण्यात झोपलेलं नव्हतं. पाळणा करून झाल्यावर आत्याबाईंनी तो आठवडाभर दारात ठेवला होता म्हणे, जाणाऱ्यायेणाऱ्यांना दिसावा म्हणून. शेवटचा निरोप नवऱ्यानं आणला. पोरीला पाठवायच्या आधी तिचं दूध तोडून ठेव. कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन खेपेत सोडते.

त्या रविवारी नवरा बाजारात गेला होता. मी पाला आणला, पाट्यावर वाटला, छातीला लावला आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिनं तोंड लावलं आणि लगेच सोडलं. सगळं तोंड वाकडं झालं. माझ्याकडे तिनं असं बघितलं, की हे तूच केलंस का? मग रडली. मला वाटलं, झालं, तुटलं. पण ती रडायची थांबली आणि तिनं परत तोंड लावलं. परत कडू लागलं. अंग शहारलं, डोळे गच्च मिटले, पण सोडलं नाही. शहारत होती आणि पीत होती. सगळा पाला पोटात गेला असेल. कडू संपून नुसतं दूध उरलं तेव्हा तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

मी आधी हसले आणि मग ढसाढसा रडले. बसता येत नाही म्हणून जिच्यापायी नळावर माझं नाक कापलं जायचं, ती एवढीशी पोर कडुलिंब पचवून मोकळी झाली होती. आणि मी, शिकलेली, स्वतःच्या पगाराची, सासूला नाही म्हणायला घाबरत होते. मी उठले, अंग धुतलं, पाटा धुतला, उरलेला पाला उकिरड्यावर टाकला. नवरा आला तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याला सांगितलं.

"पोरगी गावी जानार नाई."

"मंग कोठी ठेवशीन?"

"शाळेत. झोळीत."

त्यानं पिशवी ठेवली आणि खाटेवर बसला. तो ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आपल्या मायबापानं जलमभर लोकाईच्या धुऱ्यावर झोळ्या बांधल्या," तो म्हणाला. "तू मास्तरीन झाली, आता शाळेत झोळी बांधतं? लोकं म्हनतीन, शिकले तरी मजूर ते मजूरच राह्यले."

मला उत्तर सुचलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. माझी माय मला घेऊनच वेचणीला जायची. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि रानात उतरायची. माझी झोळी मला आठवत नाही, पण धाकट्या भावाची मी हलवली आहे. नवराही तसाच वाढला. त्याच्या मनात झोळी म्हणजे ते सगळंच होतं, ऊन, परकं शेत, मालकाच्या शिव्या. ते त्याच्या मनातून मी काढू शकत नव्हते. पण पोरगीही देऊ शकत नव्हते.

"म्हनू द्या," एवढंच मी म्हणाले आणि भाजी निवडायला घेतली.

मायचं एक लुगडं माझ्या पेटीत होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. शाळा उघडली त्या दिवशी एका खांद्यावर पोरगी, दुसऱ्या खांद्यावर पर्स, पिशवीत लुगडं आणि दोरखंड, अशी मी बसमध्ये चढले. मावला गाव मागे पडलं तशी ती झोपली. फाट्यावर उतरून शाळेपर्यंत चालत गेले आणि वर्गाच्या खिडकीबाहेर, व्हरांड्याच्या सागवानी तुळईला झोळी बांधली. तिला एक सुतळी लावली आणि सुतळीचं दुसरं टोक खिडकीतून आत घेतलं. खुर्चीवर असले की ते हातात धरायचं, फळ्यावर लिहिताना कमरेला खोचायचं. इकडे मी सरकले की तिकडे झोळी हलायची. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही आणि कोणत्याही बाईला मी ती शिकवायला जाणार नाही. ती माझी सोय होती.

हेडमास्तर निर्मल गावाकडचे, हिंदी बोलणारे, सरळ माणूस. झोळी बघून त्यांचा चष्माच खाली घसरला. हे नियमात बसत नाही म्हणाले. कोणत्या नियमात, मी विचारलं. बघून सांगतो म्हणाले. ते तिथून बदलून गेले तरी त्यांचं बघणं चालूच होतं. मधूनच त्यांना वरच्या साहेबांची काळजी वाटायची. साहेब आले आणि त्यांनी हे बघितलं तर? मी म्हणाले, साहेबांनाही लहानपणी भूक लागत असेल. त्यावर ते हसले नाहीत, चष्मा वर सरकवून खोलीत गेले.

शाळेतल्या पोरांना मात्र झोळीचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या घरोघरी तीच होती. पहिल्याच दिवशी मुली धावल्या, आम्ही हलवतो बाई. मी कोणालाही हात लावू दिला नाही. तुम्ही इथं शिकायला येता, माझं लेकरू सांभाळायला नाही, असं मी त्यांना बजावलं. एकीचं शिकणं थांबवून माझी पोर झोपवायची, असली आई मला व्हायचं नव्हतं.

गल्लीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? त्याच आठवड्यात नळावर समोरची बाई म्हणाली, "टीचरम्मा, बच्ची को कपड़े में लटकाके पढ़ाते? ऐसा तो कुली लोग करते."

"करते ना," मी म्हणाले. "मेरी माँ कुली ही थी. मैं उसी कपड़े में बड़ी हुई. आपका घड़ा भर गया, हटाइए."

घागर खरंच भरून वाहत होती. त्या संध्याकाळी मी पोरीला उशांमध्ये बसवून बघितलं नाही. त्यानंतर कधीच बघितलं नाही. ती बसली तेव्हा बसली. मी स्वयंपाक करत होते आणि मागे वळून बघते तर ही बसलेली, हातात लाटणं.

सगळं सुरळीत चाललं असंही नाही. डास चावायचे, घामोळं यायचं. एकदा तिला ताप भरला आणि उतरेना, तेव्हा मी फार घाबरले. गावी असती तर सावलीत असती, असं नवरा म्हणाला नाही, पण तोंडावर दिसत होतं. मलाही तेच वाटून गेलं. मग आठवलं, गावच्या लेकरांनाही ताप येतो आणि पाळण्यातल्याही. ताप आला की आईचं चुकलं, हे गणित मी शिकवते त्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एक सांगून टाकते. आज माझी मुलगी हैदराबादला नोकरी करते आणि तिचं लेकरू दिवसभर पाळणाघरात असतं. बाटलीनं पितं, खोलीत एकटं झोपतं. मला लोक मुद्दाम विचारतात, तुम्ही तर हिला झोळीत शाळेत नेलं होतं, आणि हिचं हे कसं चालतं तुम्हाला? मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटतं. तिचं तिनं बघावं. माझ्या झोळीनं मी तिला मारणार नाही.

तर आत्याबाई. निरोप थांबले होते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. वेचणीचे दिवस आले. वर्गात निम्मीच पोरं असायची, बाकीची शेतात. एके दिवशी दुपारच्या सुट्टीआधी मी भागाकार शिकवत होते आणि शाळेच्या वाटेवर मला आत्याबाई दिसल्या. हातात कापडी पिशवी, रिकामी, घडी घातलेली. ती पिशवी कशासाठी आहे हे मला लगेच कळलं. पोरीचे कपडे भरायला. त्या तिला न्यायला आल्या होत्या आणि घरी न जाता फाट्यावरच उतरल्या होत्या.

मी खिडकीतूनच म्हणाले, बसा, सुट्टी होऊ द्या. त्या व्हरांड्याच्या काठावर बसल्या. झोळी हातभर अंतरावर होती, पण तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत बसल्या. मी परत फळ्याकडे वळले, आणि नेमकी तेव्हाच पोरगी उठली. सुतळी हलवून बघितली. ती भुकेली होती, सुतळीनं थांबणार नव्हती. रडणं चढत गेलं.

फळ्यावर गणित अर्धं होतं. सासू बाहेर, वर्ग समोर, हेडमास्तर शेजारच्या खोलीत. खडू हातात तसाच राहिला. मला वाटलं, हे एवढं गणित पुरं करावं आणि मग जावं, म्हणजे सासूला दिसेल की मी नोकरी नीट करते. आणि मग मला त्या विचाराचीच चीड आली. कोणाला दाखवायचं होतं मला? मी खडू ठेवला, उरलेलं तुम्ही सोडवा असं पोरांना सांगितलं, बाहेर गेले, पोरीला उचललं आणि वर्गात आणून माझ्या खुर्चीवर बसून पदराखाली घेतलं. पोरं पाटीवर गणित करत होती. कोणी मान वर केली नाही. दाराशी आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि बघत होत्या.

सुट्टी झाल्यावर मी पोरीला घेऊन बाहेर आले. भांडायची तयारी करूनच आले. वाक्यं जुळवून ठेवली होती.

"तू उठून आली," त्या म्हणाल्या.

भूक लागली होती तिला, मी म्हणाले.

"अर्ध्यातून उठली. कोनी काई म्हनलं नाई तुले?"

कोण म्हणणार, मी म्हणाले.

त्या परत व्हरांड्याच्या काठावर बसल्या. रिकाम्या पिशवीची घडी त्यांनी मांडीवर उलगडली आणि परत घातली. मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. पात म्हणजे मजुरणीच्या वाट्याला आलेली ओळ, ती संपेपर्यंत कोणी उठायचं नाही असा शेतातला दंडक होता.

"मालक धुऱ्यावर उभा राहे. पात पुरी झाल्याबिगर उठू नोको म्हने. इकडं दूध लुगड्यात गळे अन् तिकडं तुहा नवरा झोळीत रडे. मी पातीच्या टोकाले पोचू तवर तो रडून रडून झोपेल राहे." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "मले इतकी वर्सं वाटे, झोळीच वाईट. म्हून पाळना केला."

माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. नवऱ्यानं खाटेवर बसून जे म्हटलं होतं आणि ज्याला मला उत्तर सुचलं नव्हतं, ते उत्तर त्याच्या आईजवळ होतं, आणि तिलाही ते आत्ताच सापडलं होतं. मला त्या बाईचा इतका राग होता, निरोपांचा, पाळण्याचा, कडुलिंबाचा. तो कुठे गेला कळलं नाही. मी पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला हुंगलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि मग पहिल्यांदा झोळीकडे वर बघितलं.

"हे गाठ कोनं मारली?"

मी, म्हणाले.

"मास्तरनीची गाठ हाय," त्या म्हणाल्या. पोरीला माझ्याकडे दिलं, उठल्या, चवड्यावर उभ्या राहून गाठ सोडली, दोरखंड तुळईवरून आणखी एकदा फिरवला, नवी गाठ मारली आणि स्वतःचं सगळं वजन टाकून लोंबकळून बघितलं. तुळई कुरकुरली. हेडमास्तर खोलीतून बाहेर आले आणि हे बघून परत आत गेले. दुपारच्या बसनं आत्याबाई निघाल्या. पिशवी तशीच काखेत होती. पोरीला नेते असं त्या बोलल्याच नाहीत.

संध्याकाळी मी नवऱ्याला त्याच्या आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो उठून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर सोडायला मात्र आला. झोळीचं लुगडं मी रोज धुवायला घरी आणायचे, ते त्यानं पिशवीत घालू दिलं नाही. खांद्यावर टाकून, नळाच्या रांगेसमोरून, साऱ्या गल्लीच्या देखत तो चालला.

पाळण्यात आत्याबाईंनी पुढे कांदे ठेवले. वारा चांगला लागतो म्हणायच्या, सडत नाहीत. आल्यागेल्याला नवल वाटायचं, एवढा पोपटांचा सागवानी पाळणा, नात असून त्यात कांदे? त्या हातातलं काम थांबवायच्या.

"माही नात झोळीत वाढली," त्या म्हणायच्या, आणि समोरचा पुढे काही म्हणतो का, याची वाट बघत उभ्या राहायच्या.